ग्रीकांचा देश कुठे आहे: जमिनीत की जगण्याच्या रीतीत?

सागरवाट

मी देवगडचा. एकोणीस वर्षं बोटीवर इंजिनीअर होतो, त्यातली बरीचशी ग्रीक मालकांच्या बोटींवर गेली. जगातल्या व्यापारी जहाजांच्या क्षमतेपैकी साधारण पाचवा हिस्सा ग्रीकांकडे आहे, त्यामुळे आपल्याकडच्या दर्यावर्दीला ग्रीक कॅप्टन कधी ना कधी भेटतोच.

एका वर्षी त्यांचा ईस्टर हिंदी महासागरात आला. शनिवारी मध्यरात्री मेसमधले दिवे बंद केले. कॅप्टननं एक मेणबत्ती लावली, 'ख्रिस्तोस अनेस्ती' (ख्रिस्त उठला) म्हटलं, आणि त्या ज्योतीवर एकेकानं आपापली पेटवली. मग तो उठला आणि हात उंच करून मेसच्या दाराच्या चौकटीवर मेणबत्तीच्या काजळीनं क्रूस काढला. लोखंडी चौकट, पांढरा रंग, त्यावर काळा क्रूस. घरी गेल्यावर दारावर काढतात तसाच. सकाळी लाल रंगवलेली अंडी एकमेकांच्या अंड्यांवर आपटून झाली. माझं फुटलं, त्याचं टिकलं, म्हणजे वर्षभराचं नशीब त्याचं.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की ग्रीकांचा देश नकाशावर शोधू नये. आपण त्यांना 'यवन' म्हणायचो. कार्ल्याच्या लेण्यात यवन दात्यांचे लेख खांबांवर आजही आहेत. हा शब्द आला आयोनियावरून, आणि आयोनिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम किनारा. ज्या किनाऱ्यानं त्यांना हे नाव दिलं तिथे आज ते नाहीत. सप्टेंबर 1922 मध्ये स्मिर्ना, म्हणजे आजचं इझमीर, जळलं. 30 जानेवारी 1923 ला लॉझानमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला. साधारण 50 लाख वस्तीच्या ग्रीसमध्ये 12 लाखांच्या आसपास निर्वासित आले. त्यांनी अथेन्सच्या कडेला वस्त्या उभ्या केल्या आणि नावं ठेवली नेआ स्मिर्नी, नेआ इओनिया, म्हणजे नवं स्मिर्ना, नवं आयोनिया. 1924 मध्ये काढलेल्या फुटबॉल क्लबच्या नावातही कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, घातलं, तो एईके. जमीन गेली तरी माणसं ग्रीकच राहिली. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

जुनीवही

सागरवाट, चौकटीवरचा क्रूस मनात राहिला. तरीही तुमचा निष्कर्ष मला पटत नाही. ज्यांनी नव्या वस्तीला जुन्या गावाचं नाव दिलं त्यांना जमीन विसरता आली नाही, असाच त्याचा अर्थ मी लावते.

अथेन्समध्ये दोन अनोळखी माणसं भेटली की विचारतात, 'तुझं गाव कुठलं?' माणूस अथेन्समध्ये जन्मलेला असला तरी उत्तरात अथेन्स येत नाही. आजोबांचं खेडं येतं, डोंगरातलं नाहीतर बेटावरचं. अनेकांचं मतदारयादीतलं नावही तिथलंच. ईस्टरला आणि 15 ऑगस्टला, मरियेच्या सणाला, शहर ओस पडतं. गणपतीला चाकरमानी कोकणात निघतात ते तुम्हाला मी सांगायला नको. गावातलं घर पडलं तर मुंबईतला माणूस किती पिढ्या 'आमच्या गावाला' म्हणेल?

आता जगण्याची रीत म्हणजे काय ते बघू. खिओस या ग्रीक बेटाच्या दक्षिणेतली, मास्तिक नावाचा डिंक काढणारी चोवीसेक गावं घ्या. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून त्यावर पांढरी माती पसरतात, खोडाला बारीक चिरा देतात, आणि डिंकाचे थेंब मातीवर पडून घट्ट होईपर्यंत वाट बघतात. मग बायका घरात बसून एकेक थेंब निवडतात, धुतात, सुरीनं खरवडतात. 2014 मध्ये युनेस्कोनं या कामाची वारसा म्हणून नोंद केली. ही रीत मेलबर्नला कशी नेणार? मेलबर्नमध्ये ग्रीक वस्ती मोठी आहे, चर्च आहे, नाच आहे. पण चिरा द्यायला झाड नाही.

आणि इस्तंबूल. अदलाबदलीतून तिथल्या ग्रीकांना वगळलं होतं. 1955 च्या ग्रीकविरोधी दंगलीच्या वेळी ते लाखाच्या आसपास असावेत. 1964 मध्ये ग्रीक नागरिकत्व असलेल्यांना हाकलण्यात आलं. आता दोन-तीन हजार उरलेत. चर्च, भाषा, सण सगळं त्यांच्यापाशी होतं, तरी पायाखालची जमीन सुटल्यावर ते जग टिकलं नाही.

केतकी_वन

तुम्ही दोघंही 'ग्रीक' कोण हे ठरलेलंच आहे असं धरून चाललाय. लॉझानला भाषा कुणी विचारली नाही, धर्म विचारला. मध्य तुर्कस्तानात, कापादोकियातले कारामानली लोक घरात तुर्की बोलायचे, तुर्कीच लिहायचे, फक्त लिपी ग्रीक. ऑर्थोडॉक्स म्हणून त्यांना ग्रीसला पाठवलं, जिथली भाषा त्यांना येत नव्हती. उलट क्रीट या ग्रीक बेटावरचे मुसलमान ग्रीक बोलायचे, त्यांना तुर्कस्तानात धाडलं. तुर्की किनाऱ्यावरच्या आयवालिकला गेलात तर त्यांची नातवंडं भेटतील. क्रीटमध्ये डोंगरातल्या रानभाज्या खुडून, उकडून, वर ऑलिव्ह तेल घालून खातात. आयवालिकच्या खानावळींत तेच ताट 'क्रीटचं' म्हणून मिळतं. तिथली ऑलिव्हची झाडं ग्रीकांनी लावलेली, आज तोडणी करणारे क्रीट आणि लेस्बोसहून आलेल्यांचे वंशज.

सागरवाट, रीत हाच देश असेल तर ही माणसं ग्रीक. जुनीवही, जमीन हाच देश असेल तर कारामानली ग्रीक नव्हेत. दोन्हीतलं एक तरी मान्य करा.

माळरान

एक भर घालतो, कारण मूळ लेखात 1922 अचानक उगवतं. मे 1919 मध्ये ग्रीक सैन्य स्मिर्नाला उतरलं आणि 1921 मध्ये थेट अंकाराच्या दिशेनं साकार्या नदीपर्यंत गेलं. 'मोठी कल्पना' म्हणून ज्याचं स्वप्न पाहिलं जायचं, ते जुनं बायझंटाईन साम्राज्य परत मिळवायचं होतं. त्या मोहिमेत तुर्की गावंही जळली. देश म्हणजे जमीन, असं म्हणताना त्या वाक्याचा भार कुणी उचलला हेही बघा.

सागरवाट

माळरान, मान्य. ते मी लिहायला हवं होतं.

केतकी, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे: हो, आयवालिकच्या एखाद्या आजीला मी ग्रीकांच्या जगातलीच मानतो, तिनं स्वतःला तुर्क म्हटलं तरी. तिचा पासपोर्ट तिचा, पण ती भाजी खुडते कशी आणि उकडते कशी, ते क्रीटहून आलंय. आणि कारामानली आज ग्रीकच आहेत. शंभर वर्षांत झाले. तेही रीतीनंच झाले.

जुनीवही

केतकीच्या प्रश्नावर मी दोन दिवस थांबले. कारामानलींना मी बाहेर काढणार नाही. पण इतकं म्हणेन की नवी जमीन मिळाली म्हणून त्यांना नवी रीत अंगवळणी पाडता आली. निर्वासितांना वस्त्या मिळाल्या, उत्तर ग्रीसमधल्या मॅसिडोनियात शेतं मिळाली. नुसती मेणबत्ती घेऊन कुणी देश वसवला नाही.

इम्ब्रोसचंही बघा. आज तुर्कस्तानातलं गोकचेआदा बेट, अदलाबदलीतून वगळलेलं. 1964 मध्ये तिथल्या ग्रीक शाळा बंद झाल्या आणि माणसं जगभर पांगली. 2013 मध्ये एक ग्रीक शाळा पुन्हा उघडली, मोजक्या मुलांनिशी. अथेन्समध्ये हव्या तेवढ्या शाळा असताना काही कुटुंबं त्या एका शाळेसाठी बेटावर परतली.

सागरवाट, तुमचे कॅप्टन कुठले होते हो? ते तुम्ही कुठेच लिहिलं नाही.

सागरवाट

त्याचे आजोबा चेश्मेचे. खिओसच्या समोरचा तुर्की किनारा. 1922 मध्ये होडीनं खिओसला उतरले, मग अथेन्सचं बंदर पिरेअस. कॅप्टन जन्मला पिरेअसला, लग्न, मुलं, फ्लॅट सगळं अथेन्समध्ये.

निवृत्त झाल्यावर तो खिओसला राहायला गेला. मी एकदा त्याच्याकडे गेलो होतो. पूर्वेला तोंड करून दोन खुर्च्या टाकलेल्या होत्या. रात्री पलीकडे चेश्मेचे दिवे लागले. फेरीनं पाऊण तास लागत नाही. मी विचारलं, गेलास का कधी? म्हणाला, दोनदा. घर सापडलं नाही, विहीर सापडली.

दाराच्या चौकटीवर अनेक वर्षांचे काजळीचे क्रूस होते, एकावर एक.