सी लायब्ररीवरचा पायथन इटरेटर मध्येच क्रॅश होतोय

दादरकर: ऑफिसातल्या एका सी लायब्ररीला सीटाइप्सने (पायथनमधून सीची फंक्शन्स बोलवायचं मॉड्यूल) रॅपर लिहिलाय, फॉर लूप नीट चालतो पण फंक्शनमधून इटरेटर (एकेक नोंद देणारा ऑब्जेक्ट) रिटर्न करून बाहेर नेक्स्ट केलं की कधी कधी सरळ सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लागून प्रोग्रॅमच बंद), एक्सेप्शन पण नाही. काल याच्यापायी शेवटची कर्जत लोकल चुकली. काय चुकतंय?

मुलुंडकर: इटरेटरमध्ये हँडलच्या (लायब्ररी उघडल्यावर मिळणाऱ्या पॉइंटरच्या) ऑब्जेक्टचा रेफरन्स ठेवलायस का? नसेल तर फंक्शन संपताच रेफरन्स काउंट (त्या ऑब्जेक्टला किती जण धरून आहेत तो आकडा) शून्य होतो, तुझं डेल (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारी मेथड) हँडल क्लोज करतं आणि कर्सर (इटरेटरमागचा सीचा पॉइंटर) फ्री झालेल्या मेमरीत वाचायला जातो. इटरेटरच्या सेल्फमध्ये पॅरेंट, म्हणजे तोच हँडलचा ऑब्जेक्ट, धरून ठेव. आणि एकदा संपलं की कर्सरचा पॉइंटर नन (None) कर, पुढे दरवेळी स्टॉपइटरेशनच (संपल्याची खूण) यायला हवं, सीच्या फंक्शनला परत हात लावायचा नाही.

पार्लेकर: एवढ्याने नाही भागणार रे, लूप चालू असताना कोणी स्वतःच क्लोज केलं तर? उघडे कर्सर वीकसेटमध्ये (ऑब्जेक्टना जिवंत न ठेवता नुसती यादी ठेवणारा सेट) ठेव, क्लोजमध्ये आधी ते बंद कर, मग हँडल. रेसटाइप (सीचं फंक्शन काय प्रकारची किंमत परत देतं ते) पण बघ, दिला नाहीस तर सीटाइप्स इंट धरतं आणि ६४ बिटवर पॉइंटर कापला जातो, माझे दोन दिवस गेलेत त्यात.

दादरकर: पॅरेंट धरला, क्रॅश थांबला! वीकसेट आजच करतो.