संगणक आपोआप स्लीपमध्ये जात नाही, कारण कसे शोधावे?

प्रश्न

नमस्कार. माझ्या डेस्कटॉपवर विंडोज ११ आहे. १० मिनिटे काही काम झाले नाही तर स्क्रीन बंद व्हावी आणि ३० मिनिटांनी संगणक स्लीपमध्ये जावा, असे मी सेटिंगमध्ये ठरवून दिले आहे. स्क्रीन वेळेवर बंद होते, पण संगणक रात्रभर चालूच राहतो. सकाळी कॅबिनेटला हात लावला तर ते कोमट लागते आणि आतला पंखा फिरत असतो. महिनाभरापूर्वी असे होत नव्हते. स्टार्ट मेनूतून मी स्वतः स्लीप निवडले तर मात्र तो लगेच झोपतो आणि कीबोर्डला हात लावेपर्यंत उठत नाही. पॉवर प्लॅन मूळ स्थितीवर आणून पाहिला, सगळे अपडेट घेतले, तरी फरक पडला नाही. विंडोज नव्याने टाकावे असे एका परिचितांनी सुचवले आहे, परंतु त्यामुळे ध्वनिमुद्रणाची सगळी जुळणी पुन्हा करावी लागेल. त्याआधी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

विंडोज नव्याने टाकण्याची घाई करू नका. तुम्ही स्वतः स्लीप निवडल्यावर संगणक नीट झोपतो, ही तुमच्या वर्णनातली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे, कारण त्यावरून मदरबोर्ड, बायोस आणि ड्रायव्हर यांना स्लीप जमते हे सिद्ध होते. अडचण फक्त आपोआप झोपण्यात आहे, म्हणजे कोणीतरी त्याला जागे ठेवत आहे.

विंडोजमध्ये कोणताही प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर ‘माझे काम चालू आहे, झोपू नकोस’ अशी विनंती नोंदवू शकतो. व्हिडिओ पाहताना मध्येच स्क्रीन काळी होत नाही ती याच सोयीमुळे. पण काम संपल्यावर विनंती मागे घेतली गेली नाही, तर संगणक तिचा मान राखत जागाच राहतो. या विनंत्यांची यादी पाहता येते. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडून उघडा, कारण साध्या खिडकीत ही आज्ञा चालत नाही. तिथे इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’ (powercfg) लिहून एक जागा सोडा आणि तिरकी रेघ (/) देऊन ‘रिक्वेस्ट्स’ (requests) लिहा. डिस्प्ले, सिस्टम, अवेमोड असे काही मथळे दिसतील आणि ज्याखाली विनंती नसेल तिथे ‘नन’ असेल. तुमची स्क्रीन बंद होते त्याअर्थी डिस्प्लेखाली काही नसावे. सिस्टमखाली काय आहे ते इथे लिहा.

प्रतिसाद २

वरील सल्ला योग्य आहे. एक पुरवणी जोडतो. ही यादी त्या क्षणापुरती असते. मधूनमधून येणारी विनंती निसटू नये म्हणून आज्ञा काही वेळाने पुन्हा चालवावी. चाचणीपुरती स्लीपची वेळ १ मिनिटावर आणली, तर प्रत्येक बदलानंतर अर्धा तास थांबावे लागत नाही.

सगळीकडे ‘नन’ असूनही संगणक झोपत नसेल, तर यूएसबीला जोडलेल्या वस्तूंकडे वळावे. चकचकीत टेबलावर ठेवलेला ऑप्टिकल माउस किंवा झिजलेली दांडी असलेला गेम कंट्रोलर कोणी हात न लावताही हालचाल कळवत राहतो आणि निष्क्रियतेची मोजणी पुन्हा शून्यावर जाते. अशा वेळी एकेक वस्तू काढून पाहण्यावाचून गत्यंतर नसते. तुमच्याकडे स्क्रीन बंद होते, म्हणून मला ही शक्यता कमी वाटते.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. सिस्टमखाली ड्रायव्हर असा शब्द, त्यापुढे साउंड कार्डाचे नाव आणि खालच्या ओळीत ‘ऑडिओ स्ट्रीम सध्या वापरात आहे’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य आहे. त्या वेळी कोणतेही गाणे किंवा व्हिडिओ चालू नव्हता आणि ब्राउझरही बंद होता. शोध घेताना अशी विनंती डावलणारी ‘रिक्वेस्ट्सओव्हरराइड’ ही आज्ञा सापडली. ती वापरावी का?

प्रतिसाद १

माझ्या मते नको. तिने लक्षण झाकले जाईल. शिवाय साउंड कार्डाची प्रत्येक विनंती डावलली जाईल आणि तुम्ही एखादे दीर्घ ध्वनिमुद्रण ऐकत बसलात की संगणक मध्येच झोपेल. आधी स्ट्रीम कोणी उघडली ते शोधू. तुम्ही ध्वनिमुद्रण करता, म्हणून विचारतो: साउंड सेटिंगच्या जुन्या खिडकीत ‘रेकॉर्डिंग’ टॅबवर माइकचे ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘लिसन’ टॅबमध्ये ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ या चौकटीत खूण आहे का ते पाहा. ती असेल तर माइकचा आवाज सतत स्पीकरकडे जात राहतो. खोलीत पूर्ण शांतता असली तरी स्ट्रीम उघडीच असते.

धागाकर्ती

खूण होती! नवा माइक घेतल्यावर स्वतःचा आवाज हेडफोनवर ऐकण्यासाठी मीच ती केली होती आणि नंतर विसरून गेले. ती काढून आज्ञा पुन्हा चालवली तर सिस्टमखाली ‘नन’ आले आणि वेळ १ मिनिटावर ठेवून पाहिल्यावर संगणक खरोखर झोपला. आता एकच शंका उरली आहे: काल रात्री तो झोपला, पण पहाटे आपोआप उठलेला होता.

प्रतिसाद २

न झोपणे आणि झोपून उठणे यांची कारणे वेगळी असतात, त्यामुळे वरच्या यादीचा इथे उपयोग नाही. ‘पॉवरसीएफजी’पुढे ‘रिक्वेस्ट्स’ऐवजी तिरकी रेघ देऊन ‘लास्टवेक’ लिहिले, तर शेवटी कशामुळे जाग आली ते कळते, आणि ‘वेकटाइमर्स’ लिहिले तर पुढे कोणी गजर लावून ठेवला आहे का ते दिसते. नेटवर्क कार्डाचे नाव आले, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवर फक्त मॅजिक पॅकेटने (म्हणजे संगणक उठवण्यासाठी नेटवर्कवरून मुद्दाम पाठवलेल्या संदेशाने) उठवण्याचा पर्याय निवडा, किंवा दुसऱ्या संगणकावरून हा संगणक कधीच चालू करायचा नसेल, तर उठवण्याची परवानगीच काढून घ्या. टायमर निघाला, तर पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये स्लीपखाली ‘अलाऊ वेक टाइमर्स’ बंद करता येते. मात्र रात्री ठरलेल्या वेळी बॅकअप घेत असाल, तर तोही मग संगणक उठवू शकणार नाही, हे ध्यानात घेऊन ठरवा.

धागाकर्ती

‘लास्टवेक’मध्ये नेटवर्क कार्डाचेच नाव आले. परवानगी काढली आहे. आज रात्री वेळ पुन्हा ३० मिनिटांवर ठेवून पाहते आणि उद्या इथे कळवते.