प्रदीप भिड्यांच्या जुन्या बातम्या कुणाकडे आहेत का?

राजवाडाकरीण: इंदूरहून लिहितेय. केबलवर दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी दिसू लागली तेव्हापासून मी तिथे बातम्या वाचणाऱ्या प्रदीप भिड्यांची वेडी. बातम्या चालू असताना कुकर लावायचा नाही, असा माझा दंडक! सासूबाई म्हणत, "ही बातमी नाही, त्या माणसाला ऐकते." खरंच होतं ते. आमच्या इंदुरी मराठीत हिंदी फार. मुलांचे उच्चार मी त्यांच्या जोरावर घासूनपुसून घेतले. २०२२ मध्ये ते गेले. अख्खं बातमीपत्र हवंय, दोन मिनिटांचे तुकडे नकोत.

जुनी टेप: ताई, कठीण आहे. तेव्हा बातम्या थेट वाचायचे, टेपही महाग. यूट्यूबवर दूरदर्शन सह्याद्रीचं चॅनेल चाळून बघा.

बडोदेकर: भिडे मोठेच, पण मी भक्ती बर्वे पार्टी! स्मिता पाटीलही सिनेमाआधी मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या. जीन्सवरच साडी गुंडाळून बसायच्या म्हणे.

राजवाडाकरीण: बसू देत, टेबलाखाली कोण बघतंय! पण भिड्यांचा तो सावकाश "नमस्कार" कुणालाच जमला नाही, यावर मी वाद घालणार नाही. बर्व्यांचं काही सापडलं तर तेही टाका.