रेड नोटीस रद्द झाली तरी सुटका का होत नाही?

रेड नोटीस म्हणजे एखाद्याला शोधून तात्पुरती अटक करा, अशी इंटरपोल या आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेने देशोदेशीच्या पोलिसांना केलेली विनंती. ती रद्द झाली की माणूस सुटतो, असं म्हटलं जातं. तसं होत नाही. चीनमधल्या उइगर या मुस्लिम अल्पसंख्याक समाजातले कार्यकर्ते इद्रिस हसन यांचंच पाहा. तुर्कस्तानातून निघून ते 19 जुलै 2021 च्या रात्री मोरोक्कोतल्या कासाब्लांकाला उतरले आणि विमानतळावरच पकडले गेले. कारण चीनच्या विनंतीवरून निघालेली जुनी रेड नोटीस. इंटरपोलने ती ऑगस्टमध्येच रद्द केली. पण तोवर प्रत्यार्पणाचं, म्हणजे त्यांना चीनच्या ताब्यात देण्याचं प्रकरण मोरोक्कोच्या न्यायालयात उभं राहिलं होतं, आणि ते नोटिशीविनाही चालतं. डिसेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चीनच्या बाजूने कौल दिला.

खरी मेख पुढे आहे. या निकालानंतरही पाठवणी होते ती पंतप्रधानांच्या सहीचा हुकूम निघाल्यावरच. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने पाठवणी थांबवायला सांगितलं होतं. मग सहीही नाही, सुटकाही नाही. बायको-मुलं तुर्कस्तानात, हे तुरुंगात, फेब्रुवारी 2025 पर्यंत! साडेतीन वर्षं हा अन्यायच आहे.

म्हणून परागंदा कार्यकर्त्यांनी प्रवासाआधीच इंटरपोलच्या फाइल-नियंत्रण आयोगाकडे (इंटरपोलकडच्या नोंदी तपासणाऱ्या स्वतंत्र मंडळाकडे) स्वतःच्या नोंदीबद्दल लेखी विचारणा करावी. फी नाही. सही केलेला अर्ज आणि ओळखपत्राची प्रत लागते. माहितीच्या अर्जाला चार महिने, नोंद पुसायच्या अर्जाला नऊ महिने अशी मुदत आहे, तेव्हा तिकीट काढून झाल्यावर अर्ज करण्यात अर्थ नाही. इंटरपोलच्या संकेतस्थळावर नाव दिसलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका, बहुतेक नोटिसा तिथे जाहीर होतच नाहीत.