‘फॉन्ट’ला मराठीत काय म्हणावं? (चर्चमधला, छापखान्यातला नव्हे)

चाफा: इंग्लंडमधल्या जुन्या चर्चवरच्या लेखाचं भाषांतर करतेय आणि एका शब्दापाशी अडलेय. कंब्रियात कॉकरमथजवळ ब्राइडकर्क नावाचं खेडं आहे. तिथल्या सेंट ब्राइडच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं पाणी ठेवायचं बाराव्या शतकातलं कोरीव दगडी पात्र आहे, म्हणजे फॉन्ट. मी ‘बाप्तिस्म्याचं कुंड’ लिहिलं. संपादकांनी ते खोडून ‘फॉन्ट’ केलं आणि मुद्रितशोधनातून परत आला तो ‘बाराव्या शतकातला दगडी टंक’, म्हणजे छापखान्यातला अक्षरांचा फॉन्ट! टंक तर जाईलच, पण कुंडही मला पटत नाहीये. कुंड म्हटलं की जमिनीत खणलेलं, पायऱ्या उतरून जायचं डोळ्यांपुढे येतं. हे चौकोनी, पायावर उभं. काय लिहू?

रानवाट: डोणी. आमच्याकडे विहिरीपाशी गुरांना पाणी पाजायला असते ना, तीच. अखंड दगडातून खोदलेली, गुरांच्या माना घासून घासून काठ गुळगुळीत झालेला, तळाशी एक भोक आणि त्यात चिंधीचा बोळा. तो बोळा ओढून शेवाळलेलं पाणी सोडायचं काम माझ्याकडे असायचं. संस्कृत द्रोणीवरून आलेला शब्द आहे. उसना कशाला घ्यायचा?

जुनाजाणता: डोणी अजिबात नको. १२३६ साली कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी फॉन्टवर झाकण घालून कुलूप लावायचा हुकूम काढला होता. कारण आतलं मंतरलेलं पाणी लोक जादूटोण्यासाठी चोरून नेत. जिथलं पाणी कुलपात ठेवायचे त्याला गुरांच्या डोणीचं नाव द्यायचं? ‘अभिषेकपात्र’ लिहा.

चाफा: अभिषेकपात्र म्हणजे पिंडीवर टांगलेलं, थेंब थेंब गळणारं. वाचणाऱ्याला तेच दिसणार.

रानवाट: गुरांचं नाव लागल्यानं काही बाटत नाही. १६४५ साली इंग्लंडमधल्या प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांनी, नवी उपासनापद्धती आणली, तेव्हा फॉन्ट जिथे उभे असत तिथे बाप्तिस्मा द्यायलाच मनाई झाली. त्यानंतर बाहेर पडलेल्या कित्येक फॉन्टमधून खरोखरच गुरं पाणी प्यायली.

वसईकर: आमच्या घरात या पात्राला वेगळं नाव नाही, ‘बाप्तिस्म्याचं पात्र’ एवढंच म्हणतो. भाचीच्या स्नानसंस्काराला, म्हणजे बाप्तिस्म्याला, मी तिला हातावर आडवी धरून उभा होतो आणि फादरांनी शिंपल्यातून तीनदा तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. तेवढ्याला उथळ पात्रही पुरतं. पण ‘बाप्तिस्मा’च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘बुडवणं’. मध्ययुगात अख्खं बाळ बुडवायचे, म्हणून ते फॉन्ट खोल. ती खोली ‘पात्रा’त येत नाही, हे मान्य. पोर्तुगीजमध्ये या वस्तूला पिया म्हणतात, आणि स्वयंपाकघरातल्या सिंकलाही पियाच. तिथे कोणाच्या भावना दुखावत नाहीत.

जुनाजाणता: ‘स्नानसंस्कार’ इतका नेमका शब्द घरात असताना बाप्तिस्मा कशाला लिहायचं? तमिळमध्येही ज्ञानस्नान म्हणतात.

वसईकर: कारण मराठी बायबलात योहान ‘बाप्तिस्मा करणारा’च आहे. पिढ्यान्‌पिढ्या तोंडात असलेला शब्द परका कसा? आमची प्रार्थनेची भाषा कुठली ते आम्हाला ठरवू द्या.

ओवी: ‘टंक’ इतक्यात फेकू नका. इंग्रजीत हे दोन शब्द मुळातच वेगळे आहेत. छापखान्यातला फॉन्ट ‘ओतणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला, कारण छपाईच्या अक्षरांचे खिळे धातू ओतून बनवत. चर्चमधला लॅटिन ‘फोन्स’वरून, म्हणजे झरा. आणि संस्कृतात टंक म्हणजे पाथरवटाची छिन्नी, आपली टाकी! ब्राइडकर्कच्या त्या पात्रावर कारागिरानं हातोडा आणि छिन्नी घेऊन काम करणारा स्वतःच कोरलाय. शेजारी रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत ओळ आहे, तिचा अर्थ साधारण असा: ‘रिकार्थनं मला घडवलं आणि मन लावून या शोभेला आणलं.’ दगड ‘मला’ म्हणतोय. मला हे वाचून भरून आलं.

रानवाट: मग गडावरचं टाकंही टाकीनं खोदलेलं म्हणूनच टाकं असणार! शिवनेरीवर गंगा-जमना टाक्यांपाशी कातळावर हात फिरवून बघा, टाकीचे घाव बोटांना लागतात.

जुनाजाणता: ध्वनी जुळला म्हणून व्युत्पत्ती होत नाही. टांकसाळ टंकशाळेवरून आली, तिथे मधल्या पायऱ्या दाखवता येतात. टाक्याच्या दाखवा.

रानवाट: पायऱ्या कोशवाल्यांनी दाखवाव्यात. दगड फोडणाऱ्याला दोन्ही शब्दांचं नातं हातानं कळतं.

वसईकर: पोर्तुगीज ‘तांक’ म्हणजे हौद, तोही विसरू नका.

जुनाजाणता: आता टाकंही पोर्तुगीज का? सातवाहनकाळातले लोक पाणी कशात साठवत होते?

चाफा: अहो, मला मजकूर उद्या द्यायचाय! तूर्त ‘बाप्तिस्म्याची दगडी डोणी’ लिहितेय आणि पहिल्या उल्लेखात एका वाक्यात वर्णन देतेय.

जुनाजाणता: निदान ‘द्रोणी’ तरी करा.

ओवी: चाफा, ती ओळ लेखात घेणार असशील तर थांब. मी ‘शोभा’ लिहिलं खरं, पण मूळ शब्द ‘मर्थे’ आहे, आणि त्यात वैभवाचीही छटा आहे असं मला आता वाटतंय. ‘या थोरवीला आणलं’ कसं वाटतं?