श्रद्धेने आपल्या कामाला काय दिले? आपले अनुभव

कामाची प्रेरणा म्हटली की पगार, बढती आणि कौतुक यांचाच विचार होतो. धर्मश्रद्धेविषयी कामाच्या ठिकाणी सहसा कोणी बोलत नाही. वास्तविक हे नाते जुने आहे. बौद्धांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका येते, गीता निष्काम कर्म सांगते, आणि जर्मन भाषेतील ‘बेरुफ’ या शब्दात व्यवसाय व ईश्वराची हाक असे दोन्ही अर्थ असल्याकडे समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये लक्ष वेधले. आपल्या श्रद्धेने कामाला बळ दिले असेल किंवा उलट घडले असेल, तर ते अवश्य लिहावे.

परिचारिका, अतिदक्षता विभाग

बेशुद्ध रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते, अन्यथा दाब पडणाऱ्या जागी जखमा होतात. रात्री तीन वाजता हे पाहायला कोणी येत नाही, आणि नोंदवहीत वेळ लिहून काम झाल्याचे भासवणे अगदी सोपे असते. समोरच्या देहात ईश्वर आहे, या श्रद्धेमुळे मला ते कधी जमले नाही. मात्र याच श्रद्धेमुळे, ‘ही तर सेवा आहे’ असे वरिष्ठांनी म्हटले की मी बिनमोबदला जादा पाळ्याही करत गेले. नकार देणे मला पाप वाटे. आपली पिळवणूक होत आहे हे कळायला सहा वर्षे लागली.

मनुष्यबळ विभागातील कर्मचारी

वरील अनुभव एकट्यादुकट्याचा नाही. बंडरसन आणि थॉम्पसन या संशोधकांनी २००९ मध्ये प्राणिसंग्रहालयातील कर्मचाऱ्यांविषयी हेच मांडले होते: काम हे आपले जीवितकार्य मानणारे लोक त्यासाठी पगार आणि सुखसोयींवर पाणी सोडतात, आणि त्यामुळेच व्यवस्थापनाला त्यांचा गैरफायदा घेणे सोपे जाते. म्हणून श्रद्धाळू माणसाच्या कामाचे तास अधिक काटेकोरपणे मोजले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

हिशेबनीस

माझ्या पूर्वीच्या कार्यालयात रोज सकाळी सामूहिक प्रार्थना होई आणि तिची हजेरी घेतली जाई. प्रार्थना माझ्याच धर्माची होती, लहानपणापासून पाठ होती. तरीही वर्षभरात ती माझ्यासाठी निव्वळ कवायत झाली, आणि घरी एकट्याने ती म्हणायला बसलो तरी मन हजेरीपटाकडेच जाऊ लागले. दुसऱ्या धर्माची एक सहकारी मागच्या रांगेत मान खाली घालून उभी राहत असे. कामात ती आम्हा सर्वांपेक्षा चोख होती, पण तिची निष्ठा मोजायला तिथे कोणतेच माप नव्हते.

यंत्रचालक

मी नास्तिक आहे. माझ्या हातून सदोष भाग पुढे गेला तर कोणाचा तरी जीव जाईल, एवढा विचार मला पुरतो.

पाळीप्रमुख

माझ्या गटातील एकाला ठरावीक वेळी नमाज पढायची असे, तर दुसरीला रविवारची सकाळ मोकळी हवी असे. मी दोघांना पाळ्यांची अदलाबदल आपसात ठरवायला सांगितले आणि मध्ये पडलो नाही. पुढे तिचे वडील आजारी पडले, तेव्हा तिच्या सलग नऊ पाळ्या त्याने, मला न विचारताच, आपल्या नावावर लिहून घेतल्या.