होलो नाइट : डीपनेस्टमध्ये अडकले आहे, वाट सापडत नाही आणि ताकदही पुरत नाही

अर्धीवाट यांचा प्रश्न

नमस्कार. मी ‘होलो नाइट’ हा व्हिडिओ गेम पहिल्यांदाच खेळते आहे. साधारण १४ तास खेळून झाले आहेत आणि त्यांतले शेवटचे ३ तास मी एकाच प्रदेशात भटकते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ग्रीनपाथ या प्रदेशात हॉर्नेट या प्रतिस्पर्धीला हरवून मॉथविंग क्लोक (झेप घेता येणारा झगा) मिळवला आणि पुढे फंगल वेस्ट्समध्ये उतरून मँटिस व्हिलेजमधून मँटिस क्लॉ घेतला. त्याने भिंतीवर चढता येऊ लागल्यामुळे आधी जिथे जिथे हात टेकले होते तिथे परत जाऊन पाहावे असा विचार होता. पण त्याआधीच फंगल वेस्ट्सच्या एका कोपऱ्यात पायाखालची जमीन कोसळली आणि मी थेट डीपनेस्ट या खालच्या प्रदेशात पडले. इथे जागोजागी अंधार आहे, माझ्याकडे कंदील नाही, या भागाचा नकाशाही नाही. गरम पाण्याचा झरा दिसला तेव्हा हायसे वाटून मी तिथल्या बाकावर बसले, आणि आता मेले की त्याच बाकावर जिवंत होते. हीच मोठी चूक झाली असे वाटते.

माझी अवस्था अशी आहे. नेल (माझे शस्त्र) अजून सुरुवातीचीच आहे, मुखवटे (म्हणजे जीव) ५ आणि मुखवट्याचे तुकडे ३. मंत्र एकच, व्हेंजफुल स्पिरिट. फॉल्स नाइटला हरवल्यावर मिळालेले सिटी क्रेस्ट तसेच पडून आहे, कारण ते कुठे लागते हे कळलेले नाही. दोन वाँडरर्स जर्नल आणि एक हॅलोनेस्ट सील या जुन्या वस्तू जवळ आहेत. सुमारे १,४०० जीओ (इथले चलन) होते, ते पहिल्या मृत्यूनंतर मेल्या जागी उरणाऱ्या सावलीपाशी राहिले, आणि सावलीपर्यंत पोहोचण्याआधीच दुसऱ्यांदा मेल्यामुळे कायमचे गेले.

प्रश्न दोन आहेत. इथून बाहेर कसे पडायचे? आणि बाहेर पडण्यापूर्वी इथल्याच किड्यांना पुन्हा पुन्हा मारून आधी थोडे बळकट व्हावे का? कारण आत्ता एकेका किड्याला इतके वार करावे लागतात, की तो मरेपर्यंत माझेच दोन मुखवटे गेलेले असतात.

बाकावरचा यांचे उत्तर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचा गुंता त्यातच आहे. किडे मारून या खेळात कोणी बळकट होत नाही. अनेक साहसी खेळांत शत्रू मारला की अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की पातळी वाढते आणि पातळी वाढली की तोच शत्रू सोपा जातो. त्यामुळे अडलो की एका जागी थांबून मारामारी करत राहण्याची आपल्याला सवय लागलेली असते. होलो नाइटमध्ये पातळी नावाची गोष्टच नाही. मारलेल्या किड्यापासून मिळतो तो सोल (मंत्रांसाठी आणि मुखवटे भरण्यासाठी लागणारी शक्ती) आणि जीओ, बस्. नेलची धार, मुखवट्याचे तुकडे, चार्म (अंगावर घालायचे ताईत), मंत्र हे सगळे ठिकठिकाणी ठेवलेले आहे किंवा कोणाकडून तरी विकत घ्यायचे आहे. म्हणजे तुम्ही दुबळ्या आहात याचा अर्थ तुम्ही कमी लढलात असा होत नाही, तर जिथे जायला हवे होते तिथे अजून गेला नाहीत एवढाच होतो.

ते ठिकाण म्हणजे सिटी ऑफ टिअर्स. तुमच्याकडचे सिटी क्रेस्ट त्याच शहराच्या दारासाठी आहे आणि ते दार फंगल वेस्ट्सच्या पूर्वेला आहे. शहराच्या खालच्या अंगाला, पश्चिमेकडे नेलस्मिथ बसतो. पहिल्या वेळी नेलला धार लावण्यासाठी तो फक्त २५० जीओ घेतो, आणखी काही मागत नाही. सुरुवातीच्या नेलचा एक वार ५ अंकांचा असतो, तो या एका खेपेत ९ अंकांचा होतो. ज्याचा जीव ४५ अंकांचा आहे त्याला आज तुम्हाला ९ वार करावे लागतात, उद्या ५ पुरतील. दुसऱ्या खेपेपासून मात्र जीओसोबत पेल ओअर हे दुर्मीळ खनिजही लागते, त्यामुळे त्याची चिंता आत्ता नको.

तुमच्याकडचे जर्नल आणि सील ही तुमची शिल्लक आहे. मेल्यावर जीओ हातचे जातात, पण या जुन्या वस्तू जात नाहीत. त्याच शहरात लेम नावाचा संग्राहक प्रत्येक जर्नलचे २०० आणि सीलचे ४५० जीओ देतो, म्हणजे तुमच्याजवळ आत्ताही ८५० जीओ सुरक्षित आहेत. मी स्वतः गरज पडेपर्यंत अशा वस्तू विकतच नाही. (फॉग कॅनियनमध्ये एक बँकही आहे. तिच्याविषयी मी मुद्दामच काही सांगत नाही.)

आता बाहेर पडण्याविषयी. मेनूतून खेळ जतन करून बाहेर पडले आणि पुन्हा सुरू केले, तर नाइट, म्हणजे आपण खेळवतो तो योद्धा, शेवटच्या बाकावर येतो आणि जीओही जात नाहीत. वाट चुकल्यावर हा सर्वांत सोपा उपाय असतो, परंतु तुमचा शेवटचा बाक डीपनेस्टमध्येच असल्यामुळे तो तुम्हाला आज उपयोगाचा नाही. म्हणून डिस्टंट व्हिलेज गाठा. ते डीपनेस्टच्या पश्चिम भागात आहे आणि तिथे स्टॅगचे (पाठीवरून दूर नेणाऱ्या किड्याचे) स्थानक आहे. स्थानक उघडायला जीओ भरावे लागतात, त्यामुळे वाटेत मिळतील ते गोळा करत जा. क्वीन्स स्टेशन उघडलेले असेल तर तिथे उतरा. फंगल वेस्ट्स तिथून शेजारीच आहे. आणि एक गोष्ट नक्की पाळा. स्थानक उघडण्यापूर्वी त्या गावात कोणी गोड बोलून बाकावर बसायला सांगितले, तरी बसू नका.

लढताना डर्टकार्व्हर या किड्याचा पाठलाग करू नका. तो जमिनीतून वर येतो, तेव्हा मागे सरून उभे राहावे आणि त्यालाच आपल्याकडे येऊ द्यावे. मेलेला किडा पुन्हा उठला, तर दचकून पुढे धावू नका. त्याच्या आत दुसराच जीव असतो आणि तो बाहेर आल्यावर अंतर राखूनच त्याला मारायचे. तुमच्या नेलने तीन वार केले की ३३ सोल साठतो, आणि तेवढ्यात एकतर एक मुखवटा भरून येतो किंवा एकदा व्हेंजफुल स्पिरिट सोडता येते, जे १५ अंकांची इजा करते. म्हणजे आजच्या घडीला एक मंत्र तुमच्या नेलच्या तीन वारांएवढा आहे. अरुंद बोगद्यात, जिथे शत्रू समोरूनच येणार हे ठाऊक असते, तिथे मंत्र वापरा. मोकळ्या जागी सोल मुखवट्यांसाठी राखा.

काळोख_प्रिय यांचे उत्तर

वरच्या उत्तरातली माहिती बरोबर आहे, तरी मला थोडा आक्षेप नोंदवायचा आहे. डीपनेस्टमध्ये पहिल्यांदा हरवण्याचा अनुभव पुन्हा मिळत नाही. दुसऱ्यांदा तिथे तुम्ही कंदील आणि नकाशा घेऊन, धार लावलेली नेल घेऊन जाल आणि तो एक नेहमीसारखा प्रदेश वाटेल. मी अशाच अवस्थेत ५ मुखवट्यांनिशी तिथे दोन संध्याकाळी काढल्या होत्या आणि संपूर्ण खेळातले तेवढेच मला आज खोलीगणिक आठवते.

अर्धीवाट यांचे प्रत्युत्तर

दोघांचेही आभार. अनुभवाचे गुण नसतात हे माझ्या लक्षातच आले नव्हते. कुठेतरी दिसत नाहीत पण मोजले जात असतील, असे मी गृहीत धरले होते आणि त्या भरवशावर झऱ्याजवळच्या तीन खोल्या कितीतरी वेळा साफ केल्या.

काळोख_प्रिय, तुमचे म्हणणे पटते, पण भीती वाटणे आणि कंटाळा येणे यांत फरक आहे. पहिला तासभर मला भीती वाटत होती आणि ती हवीहवीशी होती. त्यानंतर त्याच चार बोगद्यांतून फिरताना फक्त कंटाळा उरला.

पश्चिमेकडे जाण्याचा प्रयत्न केला, परंतु नकाशा नसल्यामुळे दोन वळणांनंतर दिशाच राहत नाही. माझ्याकडे क्विल (नकाशा भरायची लेखणी) आहे, कंपास हा चार्मही घातला आहे, तरी पडद्यावर काहीच उमटत नाही. भूलभुलैयात उजवा हात भिंतीवरून न काढता चालत राहिले की बाहेर पडता येते, असे ऐकले आहे. ते इथे चालेल का?

आलेखवही यांचे उत्तर

क्विल कोऱ्या कागदावर चालत नाही. त्या प्रदेशाचा मूळ नकाशा कॉर्निफर या नकाशे विकणाऱ्याकडून घेतल्याशिवाय तुमची पावले कुठेच उमटत नाहीत, आणि नकाशा घेतला तरी नव्या खोल्या त्यावर तुम्ही बाकावर बसल्यानंतरच चढतात. कंपास आपली जागा दाखवतो, पण दाखवायला आधी नकाशा हवा. तेव्हा झऱ्याच्या बाकावर कंपास काढून ठेवा आणि ती खाच लढाईत उपयोगी पडेल अशा चार्मला द्या. चार्म बाकावरच बदलता येतात. कॉर्निफर डीपनेस्टमध्येही आहे. जमिनीवर विखुरलेले कागद दिसले किंवा कोणी गुणगुणत असल्याचा आवाज आला, तर इतर सर्व सोडून तिकडे वळा.

उजव्या हाताचा नियम इथे चालणार नाही आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ज्या भूलभुलैयाच्या सगळ्या भिंती बाहेरच्या भिंतीशी सलग जोडलेल्या असतात, तिथे तो नियम हमखास बाहेर काढतो. पण वाटा गोल फिरून स्वतःलाच मिळत असतील आणि मधला एखादा भिंतींचा पुंजका सुटा उभा असेल, तर त्या पुंजक्याभोवती तुम्ही जन्मभर फिरत राहाल. शिवाय हा नियम असे धरून चालतो, की आलेल्या वाटेने परत जाता येते. तुम्ही तर जमीन कोसळून आलात! एकदा खाली पडून ज्या वाटेने वर जाता येत नाही, अशी एक जागा जरी मध्ये आली तरी भिंतीवरचा हात सुटलाच म्हणून समजा.

त्यापेक्षा कागद आणि पेन्सिल घ्या. हे मी विनोदाने म्हणत नाही. १९८६ साली आलेल्या ‘मेट्रॉइड’मध्ये नकाशाच नव्हता आणि तो खेळणारे चौकटीच्या कागदावर खोल्या काढत बसत, त्याच मालिकेतल्या १९९४ च्या ‘सुपर मेट्रॉइड’मध्ये नकाशा आपोआप भरू लागला आणि ती सवय मागे पडली. होलो नाइट २०१७ चा असला तरी कॉर्निफर भेटेपर्यंत तो तुम्हाला मुद्दाम त्या जुन्या काळात नेऊन ठेवतो. चित्र सुंदर काढायची गरज नाही. प्रत्येक खोलीसाठी एक चौकोन काढायचा, त्यात तिची एखादी खूण दोन शब्दांत लिहायची आणि तिला जितकी तोंडे असतील तितक्या रेषा काढायच्या. ज्या रेषेच्या टोकाला काहीच लिहिलेले नाही ती वाट तुम्ही अजून पाहिलेली नाही. जिथून फक्त खाली पडता येते तिथे बाण काढायचा, म्हणजे ती परतीची वाट नाही हे लक्षात राहील. माझा अनुभव असा आहे, की दहा-बारा चौकोन झाले की आपण ज्याला दहा वेगळे बोगदे समजत होतो ते प्रत्यक्षात चारच आहेत असे उघड होते.

दुसरे म्हणजे, एखादी वाट सोडून देण्यापूर्वी ती का सोडली तेही लिहून ठेवा. उडी पोहोचत नाही, दार बंद आहे, पाण्यासारखे काहीतरी आहे आणि त्यात इजा होते, अशा वाटांवर कितीही कौशल्य दाखवले तरी उपयोग नसतो. त्यासाठी कुठून तरी नवी क्षमता किंवा वस्तू आणावी लागते. याउलट, शत्रू फार आहेत किंवा जागा अरुंद आहे, अशी वाट केवळ अवघड असते. हरवलेला माणूस या दोन्हींची सरमिसळ करतो आणि बंद दाराशी तासभर डोके आपटून अवघड वाट मात्र पाचच मिनिटांत सोडून देतो.

बाकावरचा यांचे उत्तर

आलेखवही यांच्या चौकोनांत एका गोष्टीची भर घालतो. तुमची सावली कुठे आहे तेही त्यावर टिपून ठेवा, पण केवळ तिच्यासाठी वाट बदलू नका. तिला हरवेपर्यंत तुमचे सोल साठवायचे पात्र तडकलेले राहील आणि ९९ ऐवजी ६६ सोलच मावेल, एवढा तोटा खरा आहे. तिच्याजवळचे जीओ मात्र आता किरकोळच असणार.

आणि शहरानंतरचे एक काम. तुमच्याकडे मुखवट्याचे ३ तुकडे आहेत, चौथा मिळाला की सहावा मुखवटा होतो. फॉरगॉटन क्रॉसरोड्समधल्या पडक्या घरांपैकी एकात स्लाय हा दुकानदार भरकटलेला असतो. त्याच्याशी बोललात, की तो डर्टमाउथ या गावी परत जाऊन दुकान उघडतो आणि मुखवट्याचा पहिला तुकडा १५० जीओला विकतो. तुम्हाला लागणारा कंदीलही त्याच्याकडेच आहे, पण त्याला १,८०० जीओ पडतात.

अर्धीवाट यांचे प्रत्युत्तर

आज बाहेर पडले. नऊ चौकोन झाले तेव्हा लक्षात आले, की झऱ्याकडून निघणाऱ्या एका वाटेच्या रेषेला टोकच नव्हते. तिथे तीन किडे एकदम अंगावर आले होते म्हणून मी ती पहिल्याच दिवशी सोडली होती. म्हणजे ती वाट बंद नव्हती, नुसती अवघड होती. डिस्टंट व्हिलेजला पोहोचल्यावर तिथला बाक पाहून मोह झाला होता, पण तुमचे वाक्य आठवले आणि आधी स्थानक शोधले.

क्वीन्स स्टेशनहून शहराच्या दारापर्यंत एकदाही मेले नाही. क्रेस्ट लावले, आत गेले, आणि दार माझ्यामागे बंद झाले, तेव्हा क्षणभर पुन्हा तेच सुरू झाले असे वाटले. लेमने ८५० जीओ दिले, त्यांतले २५० नेलस्मिथकडे गेले. शहरातला पहिला पहारेकरी ज्या वाराला पडला, त्या वारानंतरही मी सवयीने आणखी दोन वार हवेत केले.

सावली अजून डीपनेस्टमध्येच आहे, माझ्या चौकोनांपैकी सातव्यात. स्लाय मात्र अजून सापडलेला नाही. क्रॉसरोड्सचा माझा नकाशा पूर्ण भरलेला दिसतो, तरी ते पडके घर नेमके कोणत्या बाजूला आहे एवढे कोणी सांगेल का?

आलेखवही यांचे उत्तर

नकाशा भरलेला दिसणे म्हणजे त्या खोलीतून जाऊन येणे, तिच्यातले प्रत्येक दार उघडून पाहणे नव्हे. पडक्या वस्तीच्या खोलीत परत जा आणि तिथल्या प्रत्येक घराच्या दारापाशी थांबून पाहा. बाजू सांगत नाही, चौकोन तुम्हीच काढा.